मनाची मशागत
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सारा जन्म मुलांकडून बाराखडी व पाढे घोकवून घेण्यात गेला. मनाचे शास्त्र हा वैद्यांचा प्रांत होय. तथापि एक शल्य उरात आहे, ते आपल्याच माणसांपुढे सांगावे, या हेतूने उभे आहोत.

काही वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. गणितात हुशार, पुढे वडिलांच्या मागे कोरडवाहू शेत सांभाळीत होता. “काय रे बाबू, बरं आहे ना?” असे आम्ही विचारले. “बरं हाय, गुरुजी,” असे म्हणून तो खाली पाहत उभाच राहिला. आमच्या हाती भाजीची पिशवी, एस. टी. ची वेळ झालेली. आम्ही निघालो. आठ दिवसांनी तो या जगात नसल्याची वार्ता आली. ज्या मुलाच्या पाटीवरील चूक आम्ही दुरून ओळखीत होतो, त्याच्या मुद्रेवरील दुःख हातभर अंतरावरून आम्हांस वाचता आले नाही.

असे प्रसंग एकाच कारणाने घडत नाहीत, हे आम्ही जाणतो. घाटावर असो वा घाटाखाली, आपल्या जिल्ह्यातील कुटुंबांस काळजीची वाण नाही. कपाशीचा भाव पडतो, सोयाबीन काढणीस आले असता पाऊस झोडपतो, आणि पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीस पाणी असूनही ते पिकास मानवत नाही. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यांत आपला बुलढाणा होता. पैशाचे साहाय्य आवश्यकच आहे. परंतु पैसा बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचतो; अंतःकरणापर्यंत माणसालाच जावे लागते.

ताण म्हणजे दुबळेपणा, ही समजूत प्रथम काढून टाकावी. हान्स सेल्ये नामक वैद्यकशास्त्रज्ञाने १९३६ साली या विषयावरील आपले पहिले टिपण प्रसिद्ध केले. शरीरावर कोणत्याही प्रकारचा भार पडला तरी ते एका ठरावीक रीतीने त्यास तोंड देते, आणि भार फार काळ टिकला तर थकून जाते, असे त्यांनी दाखविले. संकट दिसताच छाती धडधडते, तोंडास कोरड पडते. हे शरीराने आपल्या रक्षणार्थच केलेले असते. भगवद्गीतेचा आरंभ तरी कशाने होतो? अर्जुनासारख्या वीराच्या विषादाने. आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्याने तो विषाद लपविला नाही; सारथ्यापुढे मोकळा केला.

आपल्या सिंदखेडराजाचेच उदाहरण पाहा. १५९८ साली तेथे जन्मलेल्या जिजाऊंचे वडील लखुजी जाधव आणि भाऊ यांची १६२९ साली निजामशाही दरबारात हत्या झाली. पुढल्याच वर्षी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. पितृशोकाचे एक वर्षही न सरता माउलीने पाळणा हलविला! त्या रडल्या नसतील, असे आम्ही म्हणणार नाही. अश्रू आवरणे म्हणजे धैर्य नव्हे. अश्रू पुसून उद्याचे काम हाती घेणे, हे धैर्य होय. ते धैर्य जन्मतः मिळत नाही, शेताप्रमाणे मशागतीने येते.

ही मशागत कशी करावी? शेतकऱ्यास वाफसा ठाऊक आहे. पाऊस पडताच चिखलात कोणी वखर घालीत नाही, वाफसा येईपर्यंत थांबतो. मनाचेही तसेच आहे. संतापाच्या भरात अथवा मध्यरात्रीच्या अंधारात कोणताही निर्णय घेऊ नये. रात्री डोंगराएवढे वाटणारे संकट सकाळी बहुधा टेकडीएवढे दिसते. दुसरे असे की, देणे किती, कोणाचे, केव्हाचे, हे कागदावर मांडावे आणि घरच्या माणसास दाखवावे. पाऊस व भाव आपल्या हाती नाहीत. खर्च, झोप, सकाळचे चालणे आणि जिभेवरील शब्द पुष्कळसे आपल्या हाती आहेत. तिसरे, मद्य हे काळजीवरील औषध नव्हे. ते रात्र विसरविते आणि सकाळ दुप्पट जड करते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काळजी वाटून घ्यावी. अक्षय्य तृतीयेस जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे घटाची मांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत ऐकण्यास दूरदूरचे शेतकरी जमतात. भाकीत खरे किती, हा वाद येथे नको. परंतु येणाऱ्या वर्षाची धास्ती शेकडो माणसे एकत्र उभी राहून ऐकतात, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. एकट्याने वाहिलेले ओझे मान मोडते. तेच चौघांनी उचलले तर पालखी होते.

आता मंडळाविषयी स्पष्ट बोलतो, राग नसावा. या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे आपण अभिमानाने छापतो. अनुत्तीर्ण झालेल्या मुलाच्या घरी त्या आठवड्यात आपल्यापैकी कोण गेले? लग्नात अमक्याने किती पंगती उठविल्या, याची चर्चा आपणच करतो आणि तमक्यास कर्ज काढावयास लावतो. प्रतिष्ठेचे हे ओझे पावसाने घातलेले नाही, आपण घातलेले आहे. तेव्हा ते उतरविणेही आपल्याच हाती आहे. साध्या विवाहाचा मंडळाने गौरव करावा, आणि प्रत्येक गावी दोन जाणत्या व्यक्तींनी, त्यांत एक भगिनी असावी, संकटातील घरी जाऊन बसण्याचा नेम धरावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

ज्याची झोप व भूक उडाली, जो माणसांत येईनासा झाला, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, त्यास आडवळणाने नव्हे, सरळ विचारावे: “जीव द्यावासा वाटतो का रे?” विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही भीती खोटी आहे, उलट कोंडलेला माणूस मोकळा होतो. त्यास एकटे सोडू नये, वैद्याकडे न्यावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही अशा प्रयत्नातून वाचलेल्या माणसास तीव्र ताणाखाली असलेला समजून त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. जेथे कायद्याने दोष देणे सोडले, तेथे आपण नावे ठेवावीत काय?

बंधुभगिनींनो, त्या दिवशीची ती एस. टी. चुकली असती, तर दुसरी मिळाली असती. तेव्हापासून कोणी “बरं हाय” म्हणून खाली पाहू लागला, की आम्ही पिशवी खाली ठेवतो आणि पुन्हा एकदा विचारतो. आपणही विचारावे, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.