सरडा, पाल आणि शाळा



पावसाळ्याच्या तोंडाशी कुंपणावर लाल गळ्याचे सरडे माना हलवू लागले, की खेड्यातील शाळेत एक प्रसंग हटकून येतो. एखादा विद्यार्थी बरणीत सरडा कोंडून आणतो आणि विचारतो, "गुरुजी, हा आपण पाळायचा का? याला खायला काय द्यायचे?" "टाक तो बाहेर" असे रागावून सांगणे सोपे आहे; परंतु त्या उत्तराने सरडाही वाचत नाही आणि मुलाची जिज्ञासाही वाचत नाही. बाहेर टाकलेल्या सरड्यावर मधल्या सुट्टीत दगड पडतात. तेव्हा या प्रश्नाचे योग्य उत्तर कोणते, याचा विचार शिक्षकाने आधीच केलेला असावा.

प्रथम आहार पाहावा. मुले बरणीत भाकरीचा चुरा, भाताची शिते किंवा दूध घालतात. सरड्याला यातले काहीच उपयोगी नाही. नाकतोडे, मुंग्या, भुंगेरे व अळ्या हे त्याचे अन्न होय. आणि हलणारे भक्ष्यच त्याच्या नजरेत भरते. पाण्याचेही तसेच. वाटीतील स्थिर पाणी त्याला सहसा ओळखता येत नाही. तो पानांवरचे दवाचे व पावसाचे थेंब चाटतो. म्हणून भरल्या वाटीशेजारीही बरणीतला सरडा तहानेने मरतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. आपल्या शरीरात जशी उष्णता निर्माण होऊन सतत टिकते, तशी सरड्याच्या शरीरात टिकत नाही. सकाळी तो उन्हात अंग शेकतो, दुपारी सावलीत सरकतो. अंग पुरेसे तापले नाही, तर खाल्लेले अन्नही पचत नाही. याउलट उन्हात ठेवलेली काचेची बरणी भट्टीसारखी तापते, आणि सावलीला जाण्याची वाट नसल्यामुळे थोड्या वेळातच तो प्राणास मुकतो.

तिसरी गोष्ट उन्हातील अतिनील किरणांची. या किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या योगे अन्नातील कॅल्शियम हाडांत उतरते. काचेतून आलेल्या उन्हात हे किरण जवळजवळ नसतात. परदेशांत जे लोक घरी सरडे पाळतात, त्यांना याचसाठी मोठा खटाटोप करावा लागतो. ऑस्ट्रेलियातील दाढीवाल्या सरड्यासाठी पेटीच्या एका टोकाला सुमारे 40 अंश सेल्सिअस उष्णता व दुसऱ्या टोकाला गारवा राखतात, अतिनील किरणांचा खास दिवा लावतात आणि किड्यांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरतात. एवढे केले नाही, तर हाडे मऊ पडून प्राणी वाकडा होतो. अमेरिका खंडातील हिरवी इग्वाना तर केवळ पाला खाणारी; तिला मांस वा किडे चारत राहिल्यास तिची मूत्रपिंडे निकामी होतात. सारांश, एका जातीचे पथ्य दुसरीला लागू पडत नाही.

आता कायद्याविषयी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणे, पाळणे किंवा मारणे हा गंभीर गुन्हा होय. गावात घोरपड आढळल्यास मुलांना दूर ठेवून वन विभागास कळवावे. विदेशी प्राण्यांपैकी इग्वानासारख्या जाती बाळगणाऱ्यांनाही 2024 च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते.

मग विद्यार्थ्याला काय सांगावे? त्याला सांगावे की, सरडा आपण अवश्य पाळू, पण बरणीत नव्हे, शाळेच्या कुंपणात. सरडा जेथून आणला असेल तेथेच मुलाच्या हातून सोडवावा. कुंपणाची एक कड झुडपांसह राखून ठेवावी. तेथे कीटकनाशक फवारू नये, पालापाचोळा जाळू नये. म्हणजे किड्यांचा शिधा आपोआप मिळतो. उन्हाळ्यात सकाळी झुडपांवर पाणी शिंपडावे, म्हणजे थेंबांची सोय होते. ओलसर मातीत खड्डा करून मादी साधारण दहा ते वीस अंडी घालते व माती दाबून निघून जाते. ती जागा काटक्या रोवून राखावी. सरडा सकाळी किती वाजता दिसला, रंग कसा होता, काय टिपले, याची नोंद मुलांनी पाळीपाळीने वहीत करावी. अशा पाळण्याला खर्च नाही आणि त्यात कोणाचा जीवही जात नाही.

भिंतीवरच्या पालीविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. तिला पापण्या नसतात, म्हणून ती जिभेने डोळे पुसते. तुटलेली शेपटी पुन्हा येते. मात्र नव्या शेपटीत मणक्यांऐवजी कूर्चेचा दांडा असतो. पाल विषारी आहे हा समज खोटा आहे. तथापि तिच्या विष्ठेत व अंगावर रोगजंतू असू शकतात. म्हणून शालेय पोषण आहाराची भांडी झाकलेली असावीत, पाल पडलेले अन्न टाकून द्यावे, आणि पाल किंवा सरडा हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. भीती काढून टाकावी, स्वच्छता मात्र सोडू नये.

शेवटी, मुलांना अभिमान वाटेल अशी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर एक सरडा आढळतो. त्याच्या नराच्या गळ्याशी निळा, काळा व नारिंगी असा झळकणारा पंखा असतो. 2016 साली शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन नवी जाती म्हणून प्रसिद्ध केले आणि त्याच्या प्रजातीला 'सरडा' हेच मराठी नाव दिले. जो शब्द खेड्यातील मूल दगड उचलताना उच्चारते, तोच आज जगाच्या प्राणिशास्त्रात रूढ झाला आहे. तो उच्चारताना मुलाच्या हातातील दगड खाली पडावा आणि त्या जागी नोंदवही यावी, हे काम कायद्याहून अधिक शिक्षकाच्याच हाती आहे.