चौकीवरचा नाताळ



नाताळच्या सुट्टीमुळे आज आपण इतके जण जमलो. आपल्या वर्गातला एक जण मात्र अशा मेळाव्याला पहिल्यांदाच आलाय. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून तो यंदा निवृत्त झाला. ‘बोल, पण नाव घेऊ नकोस,’ अशी त्याची अट आहे. तो कुठे बसलाय ते तुम्हाला ठाऊक आहेच.

संयोजकांनी मला संगणकावर बोलायला सांगितलं होतं. पण परवा मी त्याला फोनवर विचारलं, “सियाचीनला होतास तेव्हा नाताळच्या दिवशी काय करायचात रे?”

तो म्हणाला, “काय करणार? बर्फ उपसायचो.”

आपलं सैन्य 1984 पासून त्या हिमनदीवर आहे. काही चौक्या 20,000 फुटांच्या आसपास आहेत आणि हिवाळ्यात पारा उणे 40 च्याही खाली जातो. रात्री पडलेला बर्फ सकाळी काढला नाही, तर राहायची झोपडीच गाडली जाते. मग रॉकेलच्या स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करायचं. पातेलंभर बर्फाचं तळाशी जेमतेम पाणी होतं, त्यामुळे आंघोळीचं नावच काढायचं नाही. उघड्या हाताने बंदूक धरली तर कातडी चिकटते. अंडी, बटाटे दगड होतात. चालताना सगळ्यांनी एका दोराला बांधून घ्यायचं, कारण बर्फाखालची भेग दिसत नाही. सणाच्या दिवशीही यातलं काही चुकत नाही.

खाली पलटणीत सणाला बडाखाना असतो. अधिकारी, सुभेदार, जवान एकत्र जेवतात. वर मोजकीच माणसं. त्यांच्यात एक केरळचा ख्रिस्ती जवान होता. त्याच्यासाठी यांनी बिस्किटांचा चुरा, डब्यातलं दूध आणि सुकामेवा कालवून केक केला. “केक कसला, लाडूच तो,” हा म्हणतो. “कापायच्या आत गोठला. मग स्टोव्हजवळ धरून खाल्ला.”

आता हे सगळं का सांगतेय, ते सांगते. तो सध्या नोकरी शोधतोय. दोन ठिकाणांहून विचारणा झाली, दोन्हीकडे फाटकावर उभं राहायचं काम. त्या कामात कमीपणा नाही, त्यालाही तसं वाटत नाही. पण मी वीस वर्षं सर्व्हर अखंड चालू ठेवायचं काम करते. मुलाखतीत आम्ही विचारतो, साठा संपत आला, संपर्क तुटला, बदली माणूस पोचला नाही, तर काय कराल? याने हवामान बिघडून हेलिकॉप्टर येत नसताना रॉकेलचा लिटर-लिटर हिशेब ठेवून माणसं सांभाळली आहेत. त्याच्या अर्जात मात्र अनुभवापुढे एकच शब्द आहे: सैन्यसेवा.

तो अर्ज आम्ही दोघं मिळून नव्याने लिहितोय. तुमच्यापैकी कुणाचा कारखाना आहे, कुणाचं गोदाम, कुणाचं हॉस्पिटल. आज जेवताना त्याच्याशेजारी बसा आणि त्याला कामाचं विचारा. आणि तो एकटा नाही. बहुतेक जवान चाळिशीच्या आसपासच घरी येतात, मुलांची शिक्षणं तेव्हा अर्ध्यावर असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अशा माजी सैनिकांची नोंद असते. पुढच्या वेळी माणूस हवा असेल, तर तिथेही एक फोन करा. अर्ज लिहायला कुणाला मदत लागली, तर माझे रविवार मोकळे आहेत.