चोरीचा माल आणि निर्बंधांचे शस्त्र

एखाद्या राष्ट्राने आपल्या लष्कराकरवी दुसऱ्या देशातील उद्योगांची गुपिते चोरली, तर त्याविरुद्ध आर्थिक निर्बंध लादणे न्याय्य ठरते काय? हा भांडवलदारांचा आपसातील कलह आहे, कामगार चळवळीला त्याचे सोयरसुतक नाही, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही.

१९ मे २०१४ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने चिनी लष्करातील पाच अधिकाऱ्यांविरुद्धचे आरोपपत्र जाहीर केले. शांघाय येथील ६१३९८ क्रमांकाच्या तुकडीतील या अधिकाऱ्यांनी संगणकांत शिरून वेस्टिंगहाऊसचे वीजकेंद्रातील नळांचे आराखडे आणि सोलरवर्ल्डचे उत्पादनखर्चाचे आकडे पळविले, असा आरोप होता. चीनने तो साफ नाकारला. परंतु बळी पडलेल्यांच्या यादीत केवळ कंपन्या नव्हत्या. युनायटेड स्टीलवर्कर्स ही कामगार संघटनाही होती. चीनच्या व्यापारनीतीविरुद्ध ती झगडत असताना, २०१२ साली, तिच्या ज्येष्ठ कर्मचाऱ्यांचा अंतर्गत पत्रव्यवहार चोरला गेला, असे आरोपपत्र सांगते. जिचे डावपेच प्रतिपक्षाला आधीच ठाऊक असतात, त्या संघटनेने लढावे तरी कसे?

आरोपी चीनमध्येच राहिले; खटला उभा राहिला नाही. फौजदारी कायद्याची धाव येथेच संपते. म्हणून १ एप्रिल २०१५ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी नवा आदेश काढला. चोरी करणाऱ्याबरोबरच, चोरीच्या गुपितांचा जाणूनबुजून लाभ घेणाऱ्या कंपनीचीही अमेरिकेतील मालमत्ता गोठविण्याची तरतूद त्यात होती. यामागील विचार मार्मिक आहे. सैनिकाला परदेशी बाजारपेठेची गरज नसते. चोरीचा माल वापरणाऱ्या कंपनीला मात्र असते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, चीनविरुद्ध हे शस्त्र उपसण्यापूर्वीच, कंपन्यांच्या लाभासाठी संगणकीय चोरी करणार नाही, असे ओबामा आणि शी जिनपिंग यांनी परस्परांना वचन दिले. नोव्हेंबरमध्ये अंताल्या येथे जी-२० राष्ट्रांनी, अर्थात भारतानेही, हेच तत्त्व मान्य केले.

तथापि फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असेल, तर न्याय कोठून मिळणार? ब्राझीलच्या पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीवर अमेरिकी हेरखात्याची नजर असल्याचे २०१३ साली स्नोडेनच्या कागदपत्रांतून उघड झाले. अमेरिका म्हणते, तिची हेरगिरी राष्ट्रासाठी असते, कंपन्यांसाठी नव्हे. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ हाच तो न्याय! भारताचा अनुभवही बोलका आहे. १९९२ साली अमेरिकेने इस्रोवर निर्बंध लादले, ते चोरीसाठी नव्हे. रशियाकडून क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान उघड करार करून विकत घेण्यासाठी. चोरी रोखण्याचे शस्त्र ज्ञानाची मक्तेदारी राखण्यासाठी किती सहज वळविता येते, याची ही साक्ष होय.

शिक्षेचे क्षेत्र वाढले की तिचा रोखही बदलतो. २०१८ साली तंत्रज्ञानाच्या चोरीचे कारण पुढे करून अमेरिकेने बऱ्याच चिनी मालावर जकात बसविली. चीनने प्रत्युत्तर दिले, आणि झळ पोहोचली ती अमेरिकेतील सोयाबीन उत्पादक शेतकऱ्याला. चोरी कोणाची, दंड कोणाला?

म्हणून समाजवाद्यांनी निर्बंधांचा सरसकट पुरस्कार करू नये आणि सरसकट धिक्कारही करू नये. पुरावा उघडपणे मांडलेला असावा; आघात लाभार्थी कंपनीवर व्हावा, जनतेवर नव्हे; आणि वर्तन सुधारताच निर्बंध उठावेत. अंताल्याचे तत्त्व मान्य करणाऱ्या राष्ट्रांनी पुरावा तपासण्यासाठी सामाईक न्यायपीठ उभारावे, ही मागणी भारताने केली पाहिजे. चोरी ही चोरीच. पण बलिष्ठाने स्वतःच केलेला निवाडा म्हणजे न्याय नव्हे.