संगणक मोडीत काढण्याआधी

आपल्या बऱ्याच बचत गटांचे हिशेब आता संगणकावर असतात. त्यात विंडोज १० असेल, तर तिची नेहमीची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. दुकानदार म्हणतो, "विंडोज ११ टाका, नाहीतर नवा संगणक घ्या." घाई करू नका.

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. आपला संगणक चालेल का, हे मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' फुकट सांगतं.

'चालेल' म्हटलं, तरी प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन यांचं विचारा. कंपनीने त्यांचा नवा ड्रायव्हर काढला नसेल, तर पावत्या छापणं अडेल. आधी सगळे हिशेब पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

'चालणार नाही' म्हटलं, म्हणजे संगणक बिघडला असं नाही. घरगुती संगणकाला सुरक्षेची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येते. तोवर बैठकीत ठराव करून पैसे बाजूला ठेवा. जुना संगणक विकत घेतानाही हीच तपासणी समोर करून मागा.

गटाचा पैसा थेंबथेंब जमतो. तो विचारूनच खर्चूया.