एका कार्डावरची दोन माणसे



आमच्या गावच्या राम आळीतील एका दुकानदाराच्या खतावणीत माझ्या लहानपणी आमच्या सबंध घराचे एकच पान होते, आणि ते आजोबांच्या नावचे होते. त्या पानावर काका साखर मांडवीत, आत्या रॉकेल मांडवी, मीही एकदा कोणाला न विचारता रंगीत खडूंची पेटी मांडविली होती. आणि वैशाखात आंब्याचे पैसे हाती आले म्हणजे आजोबा स्वतः जाऊन, एकेका रकमेवरून बोट फिरवीत, पानाच्या तळाशी ‘बेबाक’ असा शब्द लिहवून घेत. पत होती ती घराची; ती कोणी वाढविली आणि कोणी खर्ची घातली याचा निवाडा माजघरात होई, दुकानात नव्हे.

क्रेडिट कार्ड म्हणजे तेच पान, अशा समजुतीने आपल्याकडील पुष्कळ सज्जन माणसे ते भावाला, भाच्याला, क्वचित शेजाऱ्यालाही देतात. पण दरम्यान कायद्याची दृष्टी पालटली आहे. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य, या जुन्या तत्त्वाच्या आधारे सावकार मुलावर दावा लावू शके. ते तत्त्व ९ सप्टेंबर २००५ रोजी अंमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्ती कायद्याने पुढील कर्जांपुरते रद्द केले. आणि त्याच २००५ साली संसदेने पतविषयक माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांचा कायदा संमत केला. योगायोगच खरा, परंतु ज्या वर्षी घराच्या ऋणाची गाठ सुटली, त्याच वर्षी एकेका इसमाच्या पतेची स्वतंत्र वही कायद्याने उघडावी, हे मला फार बोलके वाटते.

ही वही चार कंपन्या ठेवतात. त्यांतील सिबिल २००० साली स्थापन झालेली, आणि तिचे नाव इतके रुळले आहे की ‘सिबिल खराब झाले’ हा प्रयोग आता ‘पोट बिघडले’ याइतकाच सहज झाला आहे. ३०० ते ९०० यांमधील एक आकडा म्हणजे तुमची पत. हप्ते वेळेवर गेले की नाही आणि कार्डाच्या मर्यादेपैकी किती रक्कम वापरात आहे, या दोन गोष्टींचे त्यात मोठे वजन असते. हा वापर तीस टक्क्यांच्या आत राहावा, असा व्यवहारातला संकेत आहे. वस्तू कोणी वापरली, हा प्रश्न त्या वहीत कोठेही विचारलेला नाही.

याचा धडा मी स्वतः घेतला आहे. माझ्या भाच्याची पावस गावाच्या बाजूला आंब्याची कलमे आहेत. मार्गशीर्षात मोहोर धरू लागला तेव्हा त्याला फवारणीचा पंप आणि औषधे हवी होती. माझ्या कार्डाची मर्यादा १ लाख रुपये. दुकानातून त्याचा फोन आला, “मामा, ओटीपी आला असेल, सांगा बघू,” आणि मी चष्मा शोधून ते सहा आकडे मोठ्याने वाचून दाखविले. आमच्या वडिलांच्या काळी जामीन राहायचे म्हणजे पतपेढीत जावे लागे, कागद वाचावा लागे, दोन साक्षीदारांसमोर सही करावी लागे. जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच, हे १८७२ च्या करार कायद्यापासून ठरलेले असल्यामुळे सही करताना हात जरा थबके. माझा थबकला नाही. ८२ हजार रुपयांचा मी धनी झालो.

भाचा अप्रामाणिक नव्हता. पण बागायतदाराचा पैसा वर्षाने फिरतो आणि कार्डाचा फार तर पन्नास दिवसांनी. वाशीच्या बाजारातला दलाल थंडीत आगाऊ रक्कम देतो आणि पेटी येईपर्यंत थांबतो, कारण त्याला मोहोर कळतो. कार्डाला मोहोर कळत नाही. मी दोन महिने ‘किमान देय रक्कम’ भरीत राहिलो, उरलेल्यावर दरमहा साडेतीन टक्के व्याज चढत राहिले, आणि तिसऱ्या महिन्यात, मुदत विसरल्यामुळे, थकबाकीची नोंद झाली. ज्येष्ठात भाच्याने व्याजासकट पै न् पै आणून दिली, वर एक पेटी हापूस. मात्र मुलीच्या शिक्षणकर्जासाठी सहकर्जदार म्हणून बँकेत गेलो तेव्हा तेथील तरुण अधिकाऱ्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळविला, आणि सातशे ऐंशीच्या घरातला माझा आकडा सातशेच्या खाली आलेला मी पाहिला. भाच्याला त्याच महिन्यात मोटारसायकलचे कर्ज एका दिवसात मिळाले. त्याच्या वहीत डाग नव्हता, कारण माझ्या व्यवहारात तो कोठे नव्हताच.

याहून मला अधिक खटकते ती गोष्ट उलट बाजूची आहे. बँका पत्नीच्या किंवा मुलाच्या नावे ॲड-ऑन कार्ड देतात. देण्याची जबाबदारी मूळ कार्डधारकाची, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांतही स्पष्ट केले होते. सिबिलच्या अहवालात खात्याचा मालक, सहकर्जदार, जामीनदार यांच्याबरोबर अशा पुरवणी कार्डधारकासाठीही एक रकाना असतो, परंतु तो नेहमीच भरला जातो असे नाही. माझ्या वहिनीने बारा वर्षे दादाच्या खात्यावरील कार्डाने घर चालविले; बिलाची तारीख तिच्या कॅलेंडरवर लाल शाईने असे आणि एकही तारीख कधी चुकली नाही. दादा गेल्यावर पापड-लोणच्यांच्या उद्योगासाठी तिने कर्ज मागितले तेव्हा उत्तर आले की आपला पत-इतिहास उपलब्ध नाही. बारा वर्षांची शिस्त दादाच्या नावे जमा झाली होती.

सहकर्जदार किंवा जामीनदार होण्यास मी कोणाला मना करीत नाही. तेथे निदान तुमचे नाव कागदावर असते, आणि १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो, तो वाचता येतो. वहिनीला मी एवढेच सुचविले की २० हजारांची मुदतठेव करून तिच्या तारणावर स्वतःच्या नावे कार्ड घ्यावे. पहिले बिल ४१२ रुपयांचे आले, बरण्यांच्या बुचांचे. ते तिने मुदतीच्या नऊ दिवस आधी भरले, आणि पावती मला दाखवून लोणच्याच्या हिशेबाच्या वहीत, आजोबांसारखे बोट फिरवून, टाचणीने लावून ठेवली.