कॅम्पचे दोन महिने आणि घरचा हिशेब
(सोसायटीच्या प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



खरं म्हणजे आज इथे ह्यांनी बोलायचं होतं. पण "पैशाचं तूच सांग" म्हणून माईक माझ्याकडे आला. घरचा हिशेब मी लिहिते, तेव्हा ते बरोबरच आहे.

टेरिटोरियल आर्मी म्हणजे प्रादेशिक सेना. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिचं उद्घाटन केलं. धोनीला तिथे मानद लेफ्टनंट कर्नल केलं, त्यामुळे मुलांना नाव माहीत असतं. ही कायमची नोकरी नाही. उलट पोटापाण्याचा स्वतःचा उद्योग असेल तरच अधिकारी म्हणून अर्ज करता येतो. नोकरी सांभाळून वर्षातून साधारण दोन महिने ट्रेनिंग, आणि गरज पडली तर बोलावणं.

वयाची अट ४२ पर्यंत. ह्यांनी ३९व्या वर्षी अर्ज भरला, तेव्हा मोठी सातवीत होती आणि ह्याच फ्लॅटच्या कर्जाची अकरा वर्षं बाकी होती. मी आधी नाहीच म्हटलं. परीक्षा, मुलाखत, एसएसबी, मेडिकल, सगळं पार पडेपर्यंत मनात म्हणत होते, कुठेतरी अडकेल. अडकलं नाही!

तिथला पगार नियमित अधिकाऱ्यासारखाच, पण जितके दिवस ड्युटी तितक्याच दिवसांचा. कंपनीने ते दिवस बिनपगारी धरले. पहिल्या वर्षी तिकडची कागदपत्रं पुरी व्हायला वेळ लागला, हप्ता मात्र पाच तारखेला हजर. तो बाऊन्स झाला. बँकेचा मेसेज मी एका साखरपुड्याच्या पंगतीत वाचला. दंड काही फार नव्हता, पण घास उतरेना. ह्यांना कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी एफडी मोडली. तेव्हापासून तीन हप्त्यांचे पैसे वेगळ्या खात्यात असतात आणि त्याला कोणी हात लावत नाही, गणपतीतसुद्धा नाही.

नोकरीचं म्हणाल तर १९४८चा प्रादेशिक सेना कायदा आहे. सेवेवर गेलेल्या माणसाला परत कामावर घेणं मालकावर बंधनकारक आहे. तसं घेतलंही. पण त्या वर्षी इन्क्रिमेंट जेमतेम झालं. "तुम्ही दोन महिने नव्हता," एवढंच साहेब म्हणाले. त्यावर आम्ही भांडलो नाही. भांडायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. ह्यांना वाटत नाही.

आणखी एक काम बरेच जण विसरतील. टर्म पॉलिसीच्या फॉर्मवर आम्ही नुसतं 'इंजिनिअर' लिहिलं होतं. विमा कंपनीला नवी माहिती लेखी कळवायला हवी होती. ते पत्र मीच टाईप केलं. नॉमिनीचं नाव नीट आहे ना तेही बघायचं होतं. माझंच नाव ते. दोनदा वाचलं आणि लॅपटॉप मिटला.

मे २०२५ मध्ये सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेना बोलावण्याचे अधिकार दिले. बत्तीस इन्फन्ट्री बटालियनपैकी चौदांना, अशी बातमी आली, त्या संध्याकाळी खाली टँकरवरून वाद चालला होता, आठवतंय ना? मी वरून ऐकत होते. ह्यांनी माळ्यावरून बॅग काढली, बूट पुसले. मी वही काढली. तीन हप्ते दोन महिन्यांच्या कॅम्पला पुरतात. हे वर्षभर गेले तर? माझ्या शिकवण्यांच्या पैशात किराणा आणि फी बसत होती, हप्ता बसत नव्हता. रात्री एक वाजेपर्यंत बेरजा केल्या. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या पाटल्या आहेत." त्यावर ह्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "मी चूक केली का गं?" मी काय उत्तर दिलं ते इथे सांगत नाही.

त्या वेळी ह्यांना बोलावणं आलं नाही. पण आता खात्यात आठ हप्ते आहेत. त्यासाठी गाडी बदलायची राहिली, आणि बॅग माळ्यावर न जाता कपाटाखाली राहिली.

आपल्या सोसायटीतल्या दोन-तीन मुलांनी ह्यांच्याकडे चौकशी केली आहे. जरूर या, चहा करीन. येताना पगाराची स्लिप आणि कर्जाचं स्टेटमेंट आणा. आणि लग्न झालं असेल तर दोघंही या.