वार्धक्यातील विस्मृती आणि औदासीन्य : मेंदूच्या चित्रांतून काय दिसले

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज बोलण्याविषयी चिटणिसांनी सुचविले तेव्हा आम्ही प्रथम नाहीच म्हटले होते. आमचे शिक्षण अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारी हयात प्राथमिक शाळेत पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात गेलेली. मेंदूच्या संशोधनासारख्या गहन विषयावर आम्ही काय बोलावे? परंतु गेली काही वर्षे हा विषय आमच्या घरातच बिऱ्हाड करून राहिला आहे. ज्याच्याशी रोज गाठ पडते त्याची चौकशी करणे प्राप्तच होते. डॉक्टरांना प्रश्न विचारून आणि मुलांकडून लेख समजावून घेऊन जे आकळले, तेवढेच आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम घरची गोष्ट सांगतो. आमची थोरली बहीण अक्का आमच्याहून सात वर्षांनी वडील. 2021 च्या पावसाळ्यात आमचे दाजी वारले. तेराव्यापर्यंत अक्का रडलीसुद्धा नाही. पुढे मात्र ती हळूहळू बोलेनाशी झाली. आमटीत मीठ दोनदा पडे, नाही तर मुळीच नसे. देवपूजा राहू लागली. नातवाचे नाव विचारले तर ‘मला नाही रे आठवत’ म्हणून भिंतीकडे पाही. घरात बैठक बसली आणि अक्काला म्हातारचळ लागला असे ठरले. ठरविणाऱ्यांत आम्हीच पुढे होतो. शिक्षकाला निकाल लावण्याची सवय फार! तिच्या कमरेच्या कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या, त्याही आम्हीच. ती काही बोलली नाही. नुसता पदर सारखा केला.

पुढे कोणाच्या सांगण्यावरून तिला शहरातील एका मानसरोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. बाईंनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करावयास सांगितले. प्रत्येक प्रश्नाला अक्काचे उत्तर एकच : ‘मला नाही येत.’ बाहेर आल्यावर बाई आम्हांस म्हणाल्या, ‘गुरुजी, खरा विसरभोळा माणूस सहसा असे म्हणत नाही. तो काही तरी उत्तर देतो, ते चुकीचे असते, आणि आपले चुकले हे त्याच्या गावीही नसते. तुमच्या अक्का प्रयत्नच करीत नाहीत. त्यांचे मन बसले आहे.’ ऐकून आम्ही चपापलो. कोरी पाटी देणारा विद्यार्थी आणि पाटी भरून चुकीची गणिते मांडणारा विद्यार्थी यांतील फरक आम्ही चाळीस वर्षे वर्गात पाहत आलो. घरात मात्र तो ओळखता आला नाही. ही खूण प्रत्येक रोग्यास लागू पडतेच असे नव्हे, हेही बाईंनी बजावले. औदासीन्य स्मृतिभ्रंशाचे सोंग घेऊन येऊ शकते, हे वैद्यकशास्त्राला पुष्कळ दिवसांपासून ठाऊक आहे. 1961 साली किलोह नावाच्या तज्ज्ञाने या आभासी स्मृतिभ्रंशावर लिहिलेल्या लेखाचा आजही उल्लेख होतो.

बाईंनी रक्त तपासले, थायरॉइड पाहिले, बी-12 जीवनसत्त्व पाहिले. कारण यांच्या उणिवेनेही माणूस विसरू लागतो. मग एम.आर.आय. काढावयास सांगितले. पन्नास वर्षांत न निघालेली नाकातली चमकी त्या दिवशी निघाली.

आता ही चित्रे काढण्याची विद्या कोठून आली ते पाहू. साध्या क्ष-किरणांत कवटीचे हाड दिसे, आतला मेंदू दिसत नसे. गोडफ्रे हाउन्सफील्ड हे इंग्लंडातील ई.एम.आय. कंपनीत अभियंते होते. आपल्या वडिलांच्या काळी ग्रामोफोनच्या तबकड्या काढणारी तीच ही कंपनी. त्यांच्या यंत्राने 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील रुग्णालयात एका रोगिणीच्या मेंदूचे पहिले सी.टी. चित्र निघाले. या कार्याबद्दल त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह 1979 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांच्या संशोधनातून एम.आर.आय. सिद्ध झाले, त्यांचा गौरव 2003 साली झाला. एम.आर.आय. मध्ये क्ष-किरण नसतात. आपल्या शरीरात पाणी पुष्कळ. त्या पाण्यातील हायड्रोजनचे केंद्रक प्रबळ चुंबकापुढे कवायतीच्या मुलांसारखे रांग धरतात, रेडिओलहरींनी त्यांना जरा ढळविले की पुन्हा रांगेत येताना बारीक संदेश देतात, आणि त्यावरून गणकयंत्र चित्र रेखाटते. यंत्राचा आवाज मात्र ताशासारखा! अक्का बाहेर येऊन प्रथम म्हणाली, ‘वरात कोणाची होती?’ कित्येक महिन्यांत तिने आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न.

या चित्रांत डॉक्टर विशेषेकरून काय पाहतात? दोन्ही कानशिलांच्या आत, खोल, करंगळीएवढा एकेक भाग असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. ग्रीक भाषेत याचा अर्थ समुद्रघोडा. आकार तसाच वाकडा. नवी आठवण प्रथम येथे उतरते. अल्झायमरच्या रोगात हा भाग लवकर आकसू लागतो, म्हणून सकाळचे जेवण आठवत नाही आणि लग्नातले जेवण आठवते.

अल्झायमर हे नाव एका जर्मन डॉक्टरांचे. 1901 साली फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात त्यांनी ऑगस्ट डेटर नावाची 51 वर्षांची स्त्री तपासली. नवऱ्याचे नाव विचारले तर ती स्वतःचेच नाव सांगे. 1906 साली ती वारल्यावर तिच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो पेशींच्या बाहेर पुटे आणि पेशींच्या आत गुंतावळे! पुटे अमायलॉइड प्रथिनाची, गुंतावळे टाऊ प्रथिनाचे, हे पुढे कळले. यानंतर जवळजवळ शंभर वर्षे हीच अडचण राहिली : रोगाची पक्की खात्री मरणोत्तरच व्हावयाची.

ती कोंडी अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या क्लंक आणि मॅथिस या दोघांनी फोडली. मृत मेंदूतील पुटे रंगविण्याचा जो रंग होता, त्यात फेरफार करून त्यांनी जिवंत माणसास टोचता येईल असे द्रव्य तयार केले व त्यास किरणोत्सर्गी कार्बनची जोड दिली. स्वीडनमधील उपसाला येथील शास्त्रज्ञांच्या साहाय्याने 16 रोगी आणि 9 निरोगी माणसे तपासून 2004 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रोग्यांच्या मेंदूत जेथे पुटे, तेथे पेट स्कॅनचे चित्र उजळून निघाले. त्या कार्बनचे बळ वीस मिनिटांत निम्मे होते. म्हणजे द्रव्य तयार करणारे यंत्र आणि रोगी एकाच आवारात हवेत. पुढे फ्लोरिनची जोड दिलेली द्रव्ये निघाली, त्यांचे बळ 110 मिनिटांनी निम्मे होते, म्हणून ती दुसऱ्या गावीही नेता येतात. गुंतावळे दाखविणारी द्रव्येही आता आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ज्यांची स्मृती शाबूत आहे अशा सत्तरीच्या माणसांची चित्रे काढली, तर दर दहांत दोघातिघांच्या मेंदूत पुटे सापडतात, आणि तरी ती माणसे बाजारहाट करतात व पत्त्यांत जिंकतात. तेव्हा चित्र हा पुरावा आहे, निकाल नव्हे. गावोगाव निघालेल्या केंद्रांतून एक फिल्म हाती घेऊन ‘झाले, म्हातारा गेला’ म्हणणारे लोक पाहिले की आम्हांस आमच्या त्या बैठकीची आठवण होते.

आता औदासीन्याकडे वळू. दुःख हे मनाचे; त्याचा मेंदूच्या मांसाशी काय संबंध, असे आपण समजतो. 1996 साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे डॉ. इव्हेट शेलिन यांनी वारंवार औदासीन्य येऊन गेलेल्या स्त्रियांचे एम.आर.आय. काढले. त्या वेळी त्या बऱ्या होत्या. तरी त्यांचे हिप्पोकॅम्पस त्याच वयाच्या इतर स्त्रियांहून लहान आढळले. दुसरी गोष्ट म्हणजे पांढरे ठिपके. वर्षानुवर्षे रक्तदाब वा मधुमेह अंगी मुरला की मेंदूच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि चित्रात पांढरे ठिपके उमटतात. अशा ठिपक्यांनी मनाच्या वाटा तुटून उतारवयात औदासीन्य येत असावे, असे मत अलेक्झोपोलस आदी तज्ज्ञांनी 1997 साली मांडले. म्हणजे रक्तदाबाची गोळी चुकविणे हे मनाशीही वैर होय.

मग आधी काय, औदासीन्य की स्मृतिभ्रंश? लंडनमधील दहा हजारांवर सरकारी नोकरांची पाहणी 1985 पासून चालू आहे. तिचा 2017 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, पुढे ज्यांना स्मृतिभ्रंश झाला त्यांच्यात निदानापूर्वी सुमारे 11 वर्षे उदासीनता वाढू लागली होती. ऐन मध्यम वयातील उदासीनतेचा तसा संबंध दिसला नाही. 2025 साली जपानच्या चिबा येथील शास्त्रज्ञांनी उत्तरवयात मनाचा तोल बिघडलेले 52 रोगी आणि 47 निरोगी माणसे पेट स्कॅनने तपासली. टाऊचे गुंतावळे निरोगी माणसांत शंभरी 15, तर रोग्यांत शंभरी 50 जणांत दिसले. तात्पर्य, म्हातारपणी प्रथमच आलेली खिन्नता कधी कधी पुढच्या रोगाची वर्दी असते. कधी कधी, सर्वदा नव्हे. तिच्यावर उपचार होतो, आणि तो केलाच पाहिजे.

अक्काच्या पहिल्या चित्रात हिप्पोकॅम्पस वयाच्या मानाने बरे होते, ठिपके होते. गोळ्या सुरू झाल्या. रोज सायंकाळी कोणी तरी तिच्याजवळ तासभर बसावे, असा बाईंचा हुकूम होता. तो आम्ही स्वतःकडे घेतला. पहिले दोन महिने ती नुसती ऐके. चौथ्या महिन्यात एका सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘आमटी कोणी केली? मिठाचा पत्ता नाही!’ त्या दिवशी किल्ल्या आम्ही परत तिच्या हाती दिल्या. कमरेला खोवताना तिने आमच्याकडे पाहिले, ती नजर आम्ही विसरणार नाही.

आता थोडे ज्ञातीविषयी, आणि हे स्पष्ट बोलतो. आपल्यातील काही घरांत असे वृद्ध आतल्या खोलीत ठेवले जातात. कारण विचारावे तर ‘मुलीचे स्थळ मोडेल.’ मंडळाच्या वधूवर सूचक शाखेत आम्ही काम केले आहे, तेव्हा ही भीती आम्हांस ठाऊक आहे. परंतु घराण्यात सरळ उतरणारा, पन्नाशीच्या आतबाहेर गाठणारा अल्झायमर फार विरळा. शंभर रोग्यांत एकाचाही तसा नसतो. इतरांत अनुवंशाचा वाटा असतो, पण त्यावरून भविष्य वर्तविता येत नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात साठीवरील शंभरांत सुमारे सात जणांस स्मृतिभ्रंश आहे, एकूण 88 लाख. मग लपवावयाचे कोणापासून?

त्याच पाहणीत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून जास्त निघाले, आणि अल्पशिक्षितांचेही. लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाच्या आयोगाने 2024 साली टाळता येण्याजोगी 14 कारणे सांगितली; त्यांत औदासीन्य आहे, बहिरेपणा आहे, एकाकीपणा आहे, आणि बालपणीच्या शिक्षणाचा अभावही आहे. हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो. अक्काची शाळा चौथीत सुटली. धाकटा भाऊ घरी सांभाळावयाचा होता. तो धाकटा भाऊ पुढे मॅट्रिक झाला, आणि आज आपणांपुढे भाषण करीत आहे.

चालण्याविषयी एक प्रयोग उत्साह देणारा आहे. 2011 साली अमेरिकेत बैठ्या सवयीच्या 120 वृद्धांची पाहणी प्रसिद्ध झाली. जे आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटे चालले, त्यांचे हिप्पोकॅम्पस वर्षाअखेर शंभरी दोनने वाढले. ज्यांनी केवळ अंग ताणण्याचे व्यायाम केले त्यांचे घटले. ज्यांच्या घरी कोणी गप्प गप्प झाले असेल त्यांनी शासनाच्या टेली-मानस सेवेला 14416 या क्रमांकावर फुकट विचारावे. आणि ऐकू येत नसेल तर कानाचे यंत्र लावावे. त्यात लाज कसली?

आता अक्का 75 वर्षांची आहे. गेल्या वर्षी ती पुन्हा विसरू लागली. या वेळी ती ‘मला नाही येत’ म्हणत नाही. वार विचारला तर ठामपणे चुकीचा सांगते, दाजी कोठे आहेत विचारले तर ‘मळ्यात गेलेत, येतील इतक्यात’ म्हणते, आणि हसते. बाईंनी दोन्ही एम.आर.आय. उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावून दाखविले. दुसऱ्यातला समुद्रघोडा लहान झाला होता. आमच्यासारख्या मॅट्रिकलाही दिसला.

घरात पुन्हा बैठक बसली. कपाटात दागिने आहेत, कागदपत्र आहेत, किल्ल्या काढून घ्याव्यात असे मुलांचे म्हणणे पडले. दागिने व कागद आम्ही बँकेत ठेवले. कपाटात आता तिची लुगडी, दाजींचा एक कोट आणि आमची चौथीची पाटी आहे. किल्ल्या तिच्याच कमरेला आहेत. दिवसातून दहा वेळा ती कपाट उघडते आणि बंद करते.